दोन स्ट्रॉ आणि तीन चौकटी : ठाण्यातल्या एका आयव्हीएफ सेंटरच्या एम्ब्रियो फ्रीझिंगचा अनुभव

सेंटरचं नाव लिहीत नाहीये, कारण कौतुकही करायचंय आणि तक्रारही, आणि तक्रार एकाच सेंटरपुरती नसावी असं मला वाटतं. घोडबंदर रोडच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर, एवढं पुरे. ज्यांचे एम्ब्रियो, म्हणजे भ्रूण, कुठेतरी गोठवलेले आहेत आणि दरवर्षी रिन्यूअलचा मेसेज येतो त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितेय, पण जे आत्ता आयव्हीएफला, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या ट्रीटमेंटला, उभे राहतायत त्यांनीही वाचा, कारण आम्हाला सुरुवातीला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं, तेव्हा डोक्यात फक्त एकच गोष्ट होती की मूल हवं.

आधी हिशोब सांगते. २०१८ च्या नोव्हेंबरात एग पिकअप झालं, अकरा बीजं निघाली, आठ फलित झाली, पाचव्या दिवसापर्यंत चार टिकली, चारही गोठवली. पहिलं ट्रान्सफर, म्हणजे एम्ब्रियो गर्भाशयात सोडणं, २०१९ च्या जानेवारीत, ते नाही राहिलं. दुसरं मार्चमध्ये, ते राहिलं, आणि डिसेंबरात लेक झाली, ती आता पहिलीत आहे. उरले दोन. ते दोन तेव्हापासून तिथेच आहेत आणि आम्ही दरवर्षी पैसे भरतो.

यंदाचा मेसेज आला तेव्हा मी तीन हात नाक्याच्या सिग्नलला रिक्षात होते. स्टोरेजची मुदत संपतेय, अमुक तारखेच्या आत रिन्यू करा, नाहीतर पॉलिसीप्रमाणे पुढची कारवाई होईल. गाडीच्या इन्शुरन्सचा येतो ना, शब्दाला शब्द तसाच. पाच वर्षं मी तो वाचून लगेच लिंकवर पैसे भरून मोकळी व्हायचे. यंदा नाही भरले. चाळिशी ओलांडलीय, दुसरं मूल नको हे आम्ही दोघांनी गेल्या वर्षीच ठरवलंय, मग हे पैसे आपण कशाचे भरतोय हे एकदा नीट बघायला पाहिजे असं वाटलं म्हणून अपॉइंटमेंट घेतली आणि शनिवारी दोघं गेलो.

काउंटरचा अनुभव वाईट होता, सरळ सांगते. वेटिंगमध्ये सात-आठ जोडपी बसलेली, त्यातल्या बऱ्याच बायका अशा की ज्यांना एकही एम्ब्रियो मिळायची मारामार असेल, आणि काउंटरवरची मुलगी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमचे दोन शिल्लक आहेत ना? ठेवायचे की डिस्कार्ड?" मला त्या क्षणी समोर बसलेल्या एका बाईच्या चेहऱ्याकडे बघवलं नाही. त्या मुलीचा दोष म्हणून नाही सांगत, तिला कोणी शिकवलंच नसणार, पण सेंटरने शिकवायला पाहिजे होतं. मग एक पान हातात दिलं. त्यावर तीन चौकटी. स्टोरेज चालू ठेवणे. संशोधनासाठी देणे. नष्ट होऊ देणे. खाली दोघांच्या सह्या, आधार नंबर, तारीख. "पाच मिनिटांत भरून द्या, स्कॅन करायचंय." पाच मिनिटांत! जन्माला घालायचा निर्णय आम्ही दोन वर्षं घोळवला होता, ट्रीटमेंटच्या आधी कौन्सेलरने आम्हाला चांगला तासभर बसवून सगळं सांगितलं होतं, आणि आता इथे चौकट टिक करायला पाच मिनिटं. ट्रीटमेंटच्या आधी कौन्सेलिंग द्यायचं हे २०२१ च्या एआरटी कायद्यातच, म्हणजे आयव्हीएफसारख्या ट्रीटमेंटच्या कायद्यातच, आहे. माझं म्हणणं एवढंच की जसं आधी बसवून सांगता तसं या पानाच्या वेळीही कोणीतरी बसवून सांगा.

नवऱ्याने पेन उघडलं आणि तसंच बंद केलं. मी म्हटलं आम्हाला एम्ब्रियॉलॉजिस्टशी, म्हणजे लॅबमध्ये एम्ब्रियो सांभाळणाऱ्या तज्ज्ञ बाईंशी, बोलायचंय. तर त्या बाहेर आल्या, हातातलं काम पुरं करून, डोक्याला टोपी तशीच, आणि कौन्सेलिंगच्या रिकाम्या खोलीत आमच्यासोबत तब्बल पाऊण तास बसल्या. या सेंटरला मी जे काही स्टार देईन ते त्या पाऊण तासाचे आहेत.

मी विचारलं, "मॅडम, त्या टाकीत नक्की काय आहे? कोण आहे का काय आहे?" त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. त्या म्हणाल्या, "काय आहे ते मी दाखवते, कोण आहे का ते तुम्ही ठरवा, कारण ते मायक्रोस्कोपमध्ये दिसत नाही."

मग फाइलमधले फोटो काढले. चार गोल. आपण म्हणतो ना शुक्राणू बीजाला भेटला आणि झालं, तर तसं नसतं म्हणे, आत शिरण्यापासून दोघांचे गुणसूत्र एकत्र येईपर्यंत जवळजवळ एक दिवस जातो, म्हणजे ज्याला आपण "तो क्षण" म्हणतो तो क्षण नसतोच. नंतरचे एक-दोन दिवस ते बीज आईने भरून ठेवलेल्या शिदोरीवर चालतं, त्याचे स्वतःचे जीन्स चार ते आठ पेशी झाल्या की कामाला लागतात. पाचव्या दिवशी आमच्या फोटोतला गोल होतो, त्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात, आणि त्यात बाहेरचा थर आणि आतला एक पुंजका असे दोन भाग दिसतात. बाहेरच्या थराची वार होते, आतल्या पुंजक्याचं बाळ. म्हणजे त्या गोलातला बराचसा भाग पुढे जाऊन बाळ होतच नाही, बाळाबरोबर बाहेर येतो आणि टाकून दिला जातो. आणि साधारण चौदाव्या-पंधराव्या दिवशी त्या पुंजक्याच्या चकतीवर एक रेघ उमटते, प्रिमिटिव्ह स्ट्रीक, तिच्यावरून डोकं कुठे, शेपटाकडचं टोक कुठे, डावं-उजवं काय हे ठरतं. ती रेघ उमटेपर्यंत त्या एकाचे दोन होऊ शकतात, जुळे. एकसारखे जुळे हजार बाळंतपणात तीन-चार असतात ते असेच झालेले. रेघ उमटली की मग सहसा नाही.

ब्रिटनमध्ये मेरी वॉर्नॉक म्हणून तत्त्वज्ञ बाई होत्या, त्यांच्या समितीने १९८४ ला याच रेघेवर बोट ठेवलं, की लॅबमध्ये भ्रूण चौदा दिवसांपुढे वाढवायचा नाही, आणि १९९० ला तो कायदा झाला. आपल्याकडेही आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, नियमात हेच चौदा दिवस आहेत. आमचे दोघं पाचव्या दिवसावर थांबलेत. त्या रेघेपासून नऊ दिवस अलीकडे.

मग त्यांनी काचेच्या दारातून लॅब दाखवली. आत जाऊ देत नाहीत आणि देऊही नये. कोपऱ्यात ॲल्युमिनियमची टाकी, गळ्याशी निमुळती, झाकणाला दांडा. मी थबकलेच, कारण ती टाकी माझ्या ओळखीची होती. माझे बाबा जुन्नरकडे गुरांच्या दवाखान्यात होते आणि हीच टाकी, आकाराने जरा लहान, आमच्या पडवीत असायची. झाकण उघडलं की पांढरा धूर ओसंडून जमिनीवर पसरायचा आणि आम्ही भावंडं त्यात पाय घालायचो आणि बाबा ओरडायचे. लिक्विड नायट्रोजन, उणे १९६. त्यात बैलाच्या वीर्याच्या कांड्या. गाय माजावर आली की बाबा चिमट्याने एक कांडी उचलायचे, कोमट पाण्यात सोडायचे, आणि गाडीला किक मारायचे. तीच कांडी इथे, फक्त तिला स्ट्रॉ म्हणतात, आणि टोकाला रंगीत खूण आणि माझं नाव.

हे सगळं बघायचं असेल त्यांच्यासाठी कामाचं सांगून टाकते. टाकीला वीज लागत नाही, त्यामुळे लाइट गेली तर काय ही भीती नको, फक्त नायट्रोजन उडत राहतो म्हणून वेळच्या वेळी भरावा लागतो. लेव्हल रोज मोजून वहीत लिहितात, मी वही बघायला मागितली, दाखवली, एकही दिवस कोरा नव्हता, रविवार-दिवाळीसकट. लेव्हल खाली गेली तर मोबाइलवर अलार्म जातो. दुसरी टाकी भरून तयार ठेवलेली आहे. मजला दुसरा आहे हे मी मुद्दाम लिहितेय, ठाण्यात २००५ च्या जुलैमध्ये पाणी कुठवर आलं होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. ट्रान्सफरच्या दिवशी नाव, जन्मतारीख आणि नवऱ्याचं नाव दोन वेगळ्या माणसांनी दोनदा विचारलं होतं. लॅबच्या बाबतीत मला शंभर टक्के भरवसा आहे. पार्किंग मात्र नाही, कापूरबावडीचा ट्रॅफिक धरून अर्धा तास जादा घेऊन निघा.

त्या दिवशी फॉर्म न भरताच घरी आलो. पंधरा दिवस मागून घेतले, त्यांनी दिले. ते पंधरा दिवस मी जे वाचलं आणि बोलले ते इथे लिहिल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होणार नाही, कारण शेवटी सेवा कसली आहे तर एका प्रश्नाला दरवर्षी एक वर्ष पुढे ढकलायची सेवा आहे.

माझी आजी कोंबड्या पाळायची. कोंबडी एका दिवशी सगळी अंडी घालत नाही, रोज-दिवसाआड एक, असं दहा-बारा दिवस चालतं. आजी त्यातली निवडून कोळशाने रेघ मारून भुशाच्या टोपलीत ठेवायची आणि आम्हाला दम द्यायची, "ही खायची न्हाईत, ही बसवायची हाईत, हलवू नका." मग कोंबडी खुडूक झाली की अंड्यांवर बसवायची, आणि दिवस तिथून मोजायचे. एकविसाव्या दिवशी सगळी पिल्लं बरोबर बाहेर. पहिलं अंडं बारा दिवस आधीचं असलं तरी पिल्लू मागचं-पुढचं नाही, कारण गार टोपलीत ते अंडं थांबलेलं असतं, ऊब मिळाली की चालू होतं. आजीला हे कोणी शिकवलं नव्हतं. तिच्या हिशोबात पिल्लाचा पहिला दिवस अंडं घातल्याचा नव्हता, आई बसल्याचा होता.

आणि आपली भाषा बघा, बाई गरोदर राहिली की आपण म्हणतो तिला दिवस गेले. मोजणी सुरू झाली एवढंच म्हणतो. डॉक्टर तर शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे पहिले दोन आठवडे तिथे काहीही नसतं तरी मोजलेले असतात.

मग मी चरकसंहितेत काय आहे ते एका वैद्य असलेल्या नातेवाइकांना विचारलं. त्यांनी शारीरस्थान उघडून दाखवलं. शुक्र, शोणित आणि जीव यांचा संयोग झाला आणि तो कुशीत आला की त्याला गर्भ हे नाव मिळतं. कुशीत आला की! दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला कुशीबाहेर गर्भ असेल ही कल्पनाही नव्हती, तरी शब्द बसलाय तिथे. आणि तिथे जीव वेगळा तिसरा म्हणून येतो, दोन बीजं एकत्र आली म्हणजे जीव झाला असं नाही, जीव येतो. सुश्रुतात तर चक्क वाद दिलाय की गर्भाचा पहिला अवयव कोणता, एक म्हणतो डोकं, एक म्हणतो हृदय, एक म्हणतो नाभी, एक म्हणतो हातपाय, आणि धन्वंतरी म्हणतात सगळे एकदमच, आंब्याच्या फळात गर, कोय, रेषा सगळं असतं पण कोवळं असताना वेगळं दिसत नाही तसं. चौथ्या महिन्यात हृदय स्पष्ट होतं म्हणून बाई दोन हृदयांची, दौहृदिनी, आणि त्याचेच आपले डोहाळे. डोहाळजेवणात झोपाळ्यावर बसले होते तेव्हा हा शब्द एवढा खोल आहे हे मला माहीत नव्हतं.

कायदाही वाचला, कारण फॉर्मवर कायद्याचा नंबर होता. एआरटी कायद्यात भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतो, नंतर नष्ट होऊ द्यायचा किंवा आमच्या संमतीने संशोधनाला द्यायचा. आमची दहा वर्षं सेंटरच्या हिशोबाने २०२८ ला भरतात. म्हणजे पुढे ढकलून ढकलून किती ढकलणार. पण मला खरं थांबवलं ते गर्भलिंग निदानाच्या १९९४ च्या कायद्यातल्या एका ओळीने. त्यात छप्पन्न दिवसांपर्यंत भ्रूण आणि सत्तावन्नाव्या दिवसापासून गर्भ अशी व्याख्या आहे, आणि पुढे कंसात म्हटलंय की ज्या काळात वाढ थांबलेली होती तो काळ धरायचा नाही. मी ती ओळ नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. आमचे दोघं सात वर्षांचे नाहीत, पाच दिवसांचे आहेत. आजीच्या टोपलीतला हिशोब दिल्लीच्या कायद्यात आहे.

बाकी कायदाही पायऱ्या-पायऱ्यांनीच जातो. वडील वारले तेव्हा मूल पोटात असेल आणि पुढे जिवंत जन्मलं तर हिंदू वारसा कायद्याने त्याला हिस्सा मिळतो, जणू ते आधीच जन्मलेलं होतं, पण अट जिवंत जन्माची. गर्भपाताच्या गुन्ह्याला शिक्षा आहे ती पोटातलं बाळ हलायला लागलेलं असेल तर जास्त. गर्भपाताला परवानगी वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, वीस ते चोवीस ठरावीक परिस्थितीत दोघांच्या. धर्मशास्त्रातही मनूने गर्भस्रावाचं अशौच जितके महिने तितक्या रात्री असं सांगितलंय. एका महिन्याला एक रात्र. मला हे फार माणुसकीचं वाटतं, की दुःखाला शून्यही म्हटलं नाही आणि पूर्ण माणूस गेल्याचं सुतकही लावलं नाही. जानेवारीतलं आमचं जे राहिलं नाही त्याला मात्र एकही रात्र मिळाली नाही, बीटा एचसीजीचा, म्हणजे गरोदरपणाच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आला, दोनच्या आत आकडा, आणि मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले. आता वाटतं एक रात्र तरी घ्यायला हवी होती.

हे सगळं मला पटत आलं होतं तेव्हा माझ्या मैत्रिणीने ते हलवलं. ती वसईची, कॅथलिक, माझ्याच ऑफिसात आहे, वीस वर्षांची मैत्री. मी तिला म्हटलं की चौदा दिवसांपर्यंत एकाचे दोन होऊ शकतात, मग ते "एक माणूस" कसं म्हणायचं? ती डबा खाता खाता म्हणाली, "तुझ्या गॅलरीत पानफुटी आहे ना? एक पान ठेवलं की कडेने सात-आठ रोपं येतात. म्हणून आधी ते एक पान नव्हतं का?" मला उत्तर सुचलं नाही. ती म्हणाली, "बघ, मला चर्च काय म्हणतं ते माहीतच आहे, बीज धरल्यापासून माणूस म्हणून मान द्यायचा. पण ते बाजूला ठेव. तू मला एक दिवस दाखव की त्याच्या आदल्या दिवशी तुझी लेक नव्हती आणि दुसऱ्या दिवशी होती. रेघ उमटली तो? ठोके लागले तो? बारशाचा? तू कुठलाही दिवस धर, मी विचारणार काल काय होतं. सलग एकच धागा आहे गं, तू मध्येच कुठे गाठ मारणार?"

तीन दिवस मी यावर विचार करत होते, लोकलमध्ये, स्वयंपाक करताना. पानफुटीचं पान एक पान होतं हे खरं. पण कडेने आठ रोपं आल्यावर मी विचारलं की ते पान यातलं कोणतं रोप होतं, तर उत्तर नाही. पान होतं, जिवंत होतं, पण ते त्या आठांपैकी "अमुक" नव्हतं. धागा सलग आहे हे तिचं म्हणणं मी मान्य करते, जीव कुठे तुटलेलाच नाही, बीजही जिवंतच होतं, माझ्या आईच्या पोटात असतानाच माझी बीजं तयार झाली होती, तसं धरलं तर धागा आजीपर्यंत जातो. पण धागा असणं वेगळं आणि त्या धाग्याचं हे पोलकं, हे दुसऱ्या कोणाचं नाही असं म्हणता येणं वेगळं. मला वाटतं जीव कधी सुरू होतो आणि "ही" कधी सुरू होते हे दोन प्रश्न आहेत आणि आपण भांडतो तेव्हा ते एकच धरतो. मैत्रिणीला हे सांगितलं. तिला पटलं नाही. तिने एवढंच विचारलं, "पण तू ठरवताना माझं म्हणणं डोक्यात ठेवशील ना?" ठेवलंय.

याच दिवसांत ते चार गोलांचे फोटो टेबलावर होते आणि लेकीने बघितले. "आई, हा साबुदाणा आहे?" भिजवलेल्या साबुदाण्यासारखंच दिसतं ते खरंच. मी म्हटलं यातल्या एकापासून तू झालीस. कोणत्या, तर दुसऱ्या नंबरच्या. ग्रेडिंगमध्ये पहिला सर्वात चांगला होता, तो जानेवारीतला, तो नाही राहिला. ती त्या गोलावर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "मला तिथे थंडी वाजत होती?" मी पटकन म्हटलं, "नाही गं, तेव्हा तू नव्हतीस अजून."

रात्री मला तेच आठवत राहिलं. पंधरा दिवस वाचत होते त्याचं उत्तर माझ्या तोंडून असं सहज गेलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण पूर्णही नव्हतं. कारण त्या दिवशी एम्ब्रियॉलॉजिस्टबाईंच्या हाताला दुसऱ्याऐवजी तिसरी स्ट्रॉ लागली असती तर आज ही पहिलीत नसती, दुसरं कोणीतरी असतं, त्याच दप्तरासकट. त्या गोलात ती नव्हती, पण त्या गोलाशिवाय ती होऊच शकली नसती. कोयीत झाड नसतं पण त्याच कोयीतून ते झाड येतं. म्हणूनच मला "डिस्कार्ड" हा शब्द चालत नाही. ते माणूस नाहीत असं मी मानते आणि तरीही ती बसवायची म्हणून रेघ मारून ठेवलेली अंडी आहेत, आणि आता ती बसवायची नाहीत असं आम्ही ठरवतोय, तर ते ठरवणं काउंटरवर उभ्याने होता कामा नये.

एक गोष्ट जाता जाता, कारण आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असते. भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी कोलकात्यात ३ ऑक्टोबर १९७८ ला झाली, इंग्लंडच्या पहिल्या बाळानंतर सव्वादोन महिन्यांनी, आणि डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तो भ्रूण आधी गोठवून मग आत सोडला होता. गोठवलेला! तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही, त्यांची हेटाळणी झाली, १९८१ ला त्यांनी जीव दिला. १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या टीमने हर्षा या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म घडवला, आणि पुढे याच आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांचे कागद तपासून मान्य केलं की पहिला मान त्यांचा. माझ्या लेकीच्या जन्माच्या मागे तो माणूस आहे. सेंटरच्या वेटिंग रूममध्ये गुटगुटीत परदेशी बाळांची पोस्टर आहेत, त्याऐवजी या डॉक्टरांचे फोटो लावले तर बरं.

पंधरा दिवसांनी परत गेलो. आम्ही दुसरी चौकट भरली, संशोधनासाठी. नवऱ्याचं म्हणणं होतं की मुखोपाध्यायांनी जे केलं ते पुढे कोणीतरी करायलाच हवं, आणि चौदा दिवसांची मर्यादा आहे ती आम्हाला दोघांनाही मान्य आहे. मात्र नोंदणी असलेली संशोधन संस्था लगेच घेईलच असं नाही, घेतली नाही तर पुढे नष्ट होऊ द्यावे लागतील, हे आम्हाला एम्ब्रियॉलॉजिस्टबाईंनी आधीच स्पष्ट सांगितलं, काउंटरवर कोणी सांगितलं नसतं. तोवरचे पैसे भरावे लागतात, वर्षाला वीस हजारांच्या वर, ते भरले. पावती लगेच मिळते.

लॅब आणि एम्ब्रियॉलॉजिस्ट, पाचपैकी पाच. डॉक्टर चार, घाईत असतात पण खोटी आशा दाखवत नाहीत. काउंटर आणि तो फॉर्म, एक. मी लेखी दिलंय की रिन्यूअलला येणाऱ्यांना वेगळ्या खोलीत बसवा, फॉर्म आठवडाभर आधी घरी पाठवा, मेसेजची भाषा बदला, आणि काउंटरवर आकडे मोठ्याने बोलू नका. मॅनेजर "बघतो" म्हणाले. पुढच्या वर्षी काय बदललं ते इथेच येऊन लिहीन.

फॉर्मवर शेऱ्याला जागा नव्हती. मी एम्ब्रियॉलॉजिस्टबाईंना विचारलं की जेव्हा कधी ते बाहेर काढाल, संशोधनाला असो की तसेच, तेव्हा मला आधी कळवाल का, मला काही अडवायचं नाहीये, फक्त त्या दिवशी मला माहीत असायला हवं. त्यांनी माझी फाइल ओढली, कव्हरच्या आतल्या बाजूला निळ्या पेनने लिहिलं, "दोन स्ट्रॉ. हलवण्याआधी ताईंना फोन करणे," खाली सही केली, तारीख घातली, आणि ती ओळ मला वाचून दाखवली.